आईचा ठिपका

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे 'शहाणा' म्हणतात, अर्धं कौतुकानं, अर्धं वैतागून. बँकेत किती खिडक्या उघड्या ठेवायच्या, गोदामात किती माणसं लागतील, हे तो आधी संगणकात खोटी बँक, खोटं गोदाम चालवून बघतो. त्याला सिम्युलेशन म्हणतात. या खेपेला काम आलं ते नेमकं आईच्या वृद्धाश्रमाचं. पाय गेल्यापासून आई तिथंच असते, खाटेला खिळलेली.

तिला दाखवायला शहाणा लॅपटॉप घेऊन गेला. पडद्यावर आजी-आजोबांचे लाल ठिपके, त्यांचं सगळं करणाऱ्या मावश्यांचे निळे. उशाशी असलेली घंटी कुणी दाबली की लाल ठिपका लुकलुकायचा आणि निळा त्याच्याकडे धावायचा. वर्षभरात वाजलेल्या सगळ्या घंट्यांची नोंद त्यानं आत भरली होती.

"हा तुझा ठिपका, आई."

"अगंबाई! गुणी आहे हो. एकदाही लुकलुकला नाही."

मला राहवेना. "अरे शहाण्या, आई घंटी वाजवतच नाही. मावशी येता-जाता डोकावतात, तेव्हा काय हवं-नको ते सांगते. ते डोकावणं कुठंय तुझ्या पडद्यावर?"

"ताई, ज्याची नोंदच नाही ते मी कुठून आणू?"

"डोक्यातून आण."

तो हसला. मला हसू आलं नाही. दुपारच्या पाळीला तीन मावश्यांऐवजी दोन पुरतील, असा त्यानं अहवाल दिला. संचालकांना काय, आंधळा मागतो एक डोळा! तिसरी मावशी महिनाअखेरीस गेली. आई मात्र शेजारच्या खाटांना सांगत सुटली, "माझ्या मुलानं काढलंय हे, कॉम्प्युटरवर."

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं संध्याकाळी तिला भेटायला गेलो. खोलीत शिरताच वास आला. आईची चादर ओली होती, पार गार पडलेली. जेवणानंतर कुणी फिरकलंच नव्हतं. आम्हाला बघून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. आई माझ्यापासून तोंड लपवते, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. शहाण्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. त्याच्याकडे बघितलं तर तो आधीच पांढराफटक पडला होता.

"आई, घंटी का नाही वाजवलीस?"

"घंटीकडे हात गेला होता रे. पण मग तुझं गणित चुकलं असतं ना." ती भिंतीशीच बोलली. "या दोघींनाही मीच सांगितलंय, उगाच वाजवू नका म्हणून."

समोरच्या खाटांवरच्या दोघी आजींनी मान डोलावली. त्यांच्या चादरींकडे बघायचा मला धीर झाला नाही.

शहाण्यानं वाकून बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. लांब कुठंतरी घंटी वाजत राहिली. कुणी आलं नाही. आईनं चाचपडत त्याचं मनगट धरलं.

"सोड रे बाळा," ती म्हणाली, "नोंद होईल."