शिवम्माचा हात

पोटाचं मोठं ऑपरेशन झाल्यापासून वीरण्णांना दर महिन्याला बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन लागायचं आणि ते द्यायची त्यांची बायको शिवम्मा. लातूरच्या सरकारी दवाखान्यात तिनं सिस्टर म्हणून तीस वर्षं काढलेली. हात इतका हलका, की रडवी पोरंसुद्धा विचारायची, "झालं का?"

वीरण्णा तसे धीट. सगळी उमर एसटीच्या वर्कशॉपात गेलेली. पण सुई म्हटली की तोंड फिरवून बसायचे. भूकंपात घर बसलं, आई गेली, आणि पाय चिरलेल्या अवस्थेत त्यांना तंबूतल्या दवाखान्यात आणलं, तेव्हाही धनुर्वाताची सुई घ्यायला तयार नव्हते. तिथल्या तरुण सिस्टरनं त्यांना आईचं नाव विचारलं. ते सांगता सांगता हमसून रडले, आणि तेवढ्यात तिनं काम उरकलं. दीड वर्षानं त्याच सिस्टरशी त्यांचं लग्न झालं.

आता शिवम्माचा उजवा हात थरथर कापू लागला होता, सहीसुद्धा धड येत नव्हती. डॉक्टरला दाखवून घे म्हटलं की ती विषय बदलायची. गेल्या महिन्यात सुई तिरकी गेली आणि वीरण्णांच्या मांडीवर जांभळा डाग उमटला. तो झाकायला ते ऐन उन्हाळ्यात लुंगी सोडून आठवडाभर पायजम्यात वावरले. शेवटी आंघोळीचं पाणी द्यायला गेलेल्या शिवम्माला तो डाग दिसलाच.

"कवाचं हाय हे?"

"खाटेचा कोपरा लागला आसंल."

"तीस वर्षं सुया दिल्या मी. मला खाटेचा कोपरा सांगताव?" ती न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसली. "आता मी देणार न्हाई. तुमी शिका."

"मी? आगं, वरच्या खोलीतली उज्वला देईल की. डॉक्टर व्हायला तर आली हाय."

"ती बिलोलीहून नीटच्या क्लासला आली हाय. फिजिक्स शिकायली ती, सुई न्हाई."

"मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाईन."

"जाताव! मी माहेरी होते तवा दोन महिने बुडवलं. पायाला मुंग्या, चालताना तोल जायला लागला." मग आवाज खाली आला. "मी काय कायमची हाय का?"



वीरण्णांनी डॉक्टरांना विचारलं. नीट शिकून घेतलं तर मांडीत स्वतः घ्यायला हरकत नाही, असं ते म्हणाले. मग पंधरा दिवस वीरण्णा जुन्या गादीच्या फोममध्ये पाणी टोचत बसले. शिवम्मा समोर बसून चुका काढायची. "नट आवळायचा न्हाई, हळू."

ठरल्या दिवशी सकाळी त्यांनी साबणानं हात धुतले. औषधाचं नाव आणि तारीख मोठ्यानं वाचली. औषध सिरिंजमध्ये ओढलं, टिचकी मारून हवेचा बुडबुडा काढला. खुर्चीत बसून पाय सैल सोडला.

"जागा दाखवा," समोर बसलेली शिवम्मा म्हणाली.

त्यांनी गुडघ्याच्या वर आडव्या तळहाताएवढी आणि खुब्याच्या हाडाखाली तेवढीच जागा सोडून मधल्या भागाच्या बाहेरच्या अंगाला बोट ठेवलं. डाग डाव्या मांडीवर होता म्हणून आज उजवी. स्पिरिटचा बोळा फिरवला.

"वाळू द्या. ओलं आसलं की चुरचुरतं."

मग सुई हातात घेतली आणि घामानं बोटं निसटली. सिरिंज फरशीवर पडली. वीरण्णा उचलायला वाकले.

"ती न्हाई! भुईला लागलेली सुई अंगाला लावायची न्हाई. नवी घ्या, नवं औषध घ्या."

"शिवा, माझ्यानं होत न्हाई."

शिवम्मानं खुर्ची जवळ ओढली. कापणारा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, आणि या वेळी तो लपवायचा प्रयत्न केला नाही. "मी हितंच हाय. सरळ धरा. एका दमात आत, औषध मात्र हळू."

वीरण्णांनी श्वास सोडला आणि सुई सरळ आत घातली. दट्ट्या सावकाश दाबला. जशी घातली तशीच सरळ बाहेर काढली, कोरडा बोळा दाबून धरला.

"चोळू नका. टोपण लावू नका, बोटाला टोचंल. त्या डब्यात टाका." जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा तिनं पुढं सरकवला. भरला की तो दवाखान्यात नेऊन द्यायचा होता. "दुखलं?"

"तुझ्यापरीस जास्त."

ती हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. वीरण्णांनी तिचा हात आपल्या हातात धरला. मुठीत धरलेल्या पाखरासारखा तो थरथरत होता.

"मी तुझं ऐकलं. आता तू माझं ऐक. हे डॉक्टरला दाखवू."

त्याच दिवशी क्लासला निघालेल्या पोरांच्या सायकलींतून वाट काढत दोघांची स्कूटर दवाखान्यात गेली. गोळ्या सुरू झाल्या. कापरं पुरतं गेलं नाही, पण दोन महिन्यांनी शिवम्मा पुन्हा स्वतः सही करू लागली.

इंजेक्शन मात्र वीरण्णाच घेतात. शिवम्मा शेजारी खुर्ची टाकून बसते आणि अजूनही चुका काढते.