ब्रुस्केटा आणि चातुर्मास

प्रीताच्या घरी पहिल्यांदाच जेवायला जायचं होतं. न्यू जर्सीतल्या आयसेलिनला. मी जवळच जर्सी सिटीत फ्रोजन पराठ्यांवर जगतो, पण तिच्या आईला फोनवर बोलून बसलो, "काकू, स्टार्टर मी आणतो." नको तिथे शहाणपणा!

तीन दिवस व्हिडिओ बघून शिकलो. ब्रुस्केटा. ब्रुशेटा म्हणायचं नाही, प्रीताने आधीच दम दिलेला. नावाचा अर्थ म्हणे निखाऱ्यावर भाजलेलं. पाव कडक भाजायचा, गरम असतानाच लसूण पाकळी घासायची, वर टोमॅटो आणि बेसिल. टोमॅटो वेगळ्या डब्यात नेला, पाव मऊ पडू नये म्हणून. एवढा हुशार मी.

दारातच प्रीताने डबा हुंगला.

"डूड! गार्लिक?"

"मग?"

"इट्स चातुर्मास! आई कांदा-लसूण खात नाही."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश. नागपूरला माझी आईसुद्धा पाळते. अमेरिकेतल्या दोन वर्षांत साफ विसरलो होतो.

"जस्ट डोन्ट टेल हर," प्रीता कुजबुजली. "दिसत तर नाहीये."

खरंच दिसत नव्हता. बारा तुकडे ताटात मांडले. सुहासिनीकाकूंनी एक उचलला, तोंडापाशी नेला...

"काकू, थांबा! लसूण आहे त्यात!"

प्रीताने कपाळावर हात मारला. झालं, संपलं, मला वाटलं. पहिली भेट, तीच शेवटची.

काकूंनी तुकडा शांतपणे खाली ठेवला. "वास मला दारातच आला होता. म्हटलं बघू, पोरगं बोलतंय का."

मी ताट मागे ओढायला लागलो.

"आणि काय रे, त्या नावात लसूण आहे का?"

"नाही. नुसतं भाजलेलं."

"मग भाज की! पाव उरलाय?"

अर्धा बॅगेत होता. टोमॅटोत लसूण नव्हता. काकूंनी तवा ठेवला, मी तुपावर पाव भाजला. प्रीताचे बाबा, संजयकाका, लसणाचं ताट उचलून म्हणाले, "हे गॅरेजमध्ये ठेवतो. घरात नको वास."

जेवायला बोलवायला गेलो तर काका डीप फ्रीझरला टेकून उभे. ताटात एकच तुकडा उरलेला.

"आषाढीपासून उपाशी आहे रे मी," ते म्हणाले. "बोलू नकोस हं."

आत आलो. काकू वाढत होत्या. "मिहीर, काका काय करतायत?"

मी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"राहू दे, कळलं," काकू हसल्या. "कार्तिकी झाली की परत ये. तेव्हा लसूण दुप्पट घास."

गॅरेजमधून भरल्या तोंडाचा आवाज आला, "तोपर्यंत थांबायचं?"