ठमीचं अळणी

अंड्याचं टरफल तव्यावर भाजायचं, खलबत्त्यात कुटायचं, वस्त्रगाळ करायचं आणि त्यातली चिमूटभर भुकटी गिचक्या भातात कालवायची. हे काम मनोहरराव महिनाभर इतक्या भक्तिभावानं करत होते, की बघणाऱ्याला वाटावं, घरात बाळंतीण आहे. होती मांजर. ठमी नाव तिचं. तिचे गुर्दे, म्हणजे किडन्या, बिघडले होते. धरमपेठेतल्या जनावरांच्या डाक्टरनं सांगितलं, मीठ बंद, सुकी मासळी बंद. नरम भात, त्यात उकडलेल्या अंड्याचं नुसतं पांढरं, वर टरफलाची भुकटी आणि ताकदीच्या औषधाचे चार थेंब. झालं, त्या दिवसापासून प्रताप नगरातल्या त्या दोन खोल्यांत स्टोव्हवर एक वेगळा छोटा गंज, म्हणजे पातेलं, चढू लागला.

पुष्पलताबाई, म्हणजे त्यांची बायको, दारातून हे बघत आणि त्यांच्या अंगाची लाही लाही होई. राग मांजरीवर नव्हता. त्या मुक्या जिवानं कुणाचं काय घोडं मारलं होतं? राग होता तो त्या वेगळ्या गंजावर.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या पायांवर सूज आली होती. डाक्टरनं मनोहररावांना समोर बसवून सांगितलं होतं, बाईंचं मीठ तोडा, नाहीतर गुर्द्यांवर येईल. घरी येऊन बाईंनी आपल्यापुरतं वेगळं वरण काढलं, तर सासूबाई कडाडल्या, "अळणी सुतकात रांधते वं. माह्या पोराच्या जिवावर उठली काय?" माणूस गेलं त्या घरात दहा दिवस अळणी शिजतं; भरल्या घरात ते रांधणं म्हणजे मरणाला आवतण. आणि मनोहरराव? हा धट्टाकट्टा, मॅट्रिक झालेला, सरकारी कचेरीत फायली हाकणारा माणूस पेपरात तोंड खुपसून बसला. हूं नाही की चूं नाही. मग काय, पुष्पलताबाईंनी सगळ्यांचंच खारं वरण खाल्लं. एक दिवस नाही, सात वर्षं खाल्लं. सासूबाई मागच्या दिवाळीआधी गेल्या, तरी बाईंचा हात वेगळं रांधायला धजेना. कुंकवाची भीती म्हातारीनं पार हाडात घालून ठेवली होती.

सोमवारी पुष्पलताबाई शेजारच्या अंजनाबाईंना सोबत घेऊन डाक्टरकडे जाऊन आल्या. गुर्दे खराब झालेच होते. आता मिठाचा कणही चालणार नाही, तो म्हणाला. परत आल्या तेव्हा मनोहरराव टरफल कुटत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "हा खलबत्ता धुऊन ठेवजो वं." बस, एवढंच. बाईंनी तिथल्या तिथं ठरवलं, हा माणूस आपण होऊन विचारेपर्यंत सांगायचं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. अंजनाबाईंनी दोनदा येऊन विचारलं, नवऱ्यानं एकदाही नाही.

शुक्रवारी सकाळी कचेरीत जायच्या आधी मनोहरराव ठमीचा भात ताटलीत पसरून निववत होते. वर फुंकर घालत होते. लहान लेकराचा भातही कुणी असा निववत नाही.

"काल रातच्याला लय कमी खाल्लं तिनं," ते काळजीनं म्हणाले. "तोंड उतरलं पाह्य कसं."

पुष्पलताबाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी पाट ओढला, नवऱ्याच्या हातातली ताटली घेतली आणि अर्धा भात आपल्या ताटात काढला.

"अवं, काय करून राहिली? ते मांजरीचं हाय."

"मालूम हाय."

"अळणी हाय ते."

"म्हणूनच खाऊन राहिली." त्यांनी घास घेतला. चवीच्या नावानं शून्य, पण त्यांनी तो नीट चावून गिळला. "सोमवारी डाक्टरकडे गेली होती मी. माहे गुर्दे गेले. तुमच्या ठमीसारखेच."

मनोहरराव खाली बसले.

"तेव्हा माय होती," ते म्हणाले. "तिच्यासमोर मी काय बोलणार होतो?"

"माय जाऊन सहा महिने झाले."

"पण तू काहून बोलली नाही? एका शब्दानं सांगाचं तरी होतं मले."

"ठमीनं सांगतलं होतं काय?" पुष्पलताबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ती पानी जास्त पिते, हे तुम्हाले दिसलं. तिचं अंग उतरलं, हे दिसलं. न सांगता टोपलीत घालून धरमपेठेले घेऊन गेले तुम्ही तिले. माहे पाय सात वर्षांपासून तुमच्या डोळ्यांपुढे सुजून राहिले."