सातव्या रकान्यातले शून्य

परवाना विभागात त्यांना सगळे शिक्केबाई म्हणत, आणि त्यांना ते नाव मनातून आवडत असे. एकवीस वर्षे एकाच टेबलाशी बसून त्यांनी एकाच प्रकारचे परवाने दिले होते: संपत चाललेल्या माशांवर संशोधन करायचे परवाने. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण त्यांच्या टेबलाला लागू नव्हती. अर्ज पुरा असेल तर अकराव्या दिवशी परवाना हातात. अपुरा असेल तर मात्र ब्रह्मदेव आला तरी त्याला समोरच्या खुर्चीत बसवून राहिलेला रकाना भरून घेतील. लेक कॉलेजात असताना तिने एकदा विभागाकडे केलेल्या कसल्याशा अर्जावर तारीख घातली नव्हती. बाईंनी तो अर्ज टपालाने घरी परत पाठवला होता, आणि स्वतःच दारात सही करून घेतला होता. ऑफिसात अजून ती गोष्ट सांगून हसत.

बहुतेक अर्ज एकाच माशासाठी येत. त्याचे शास्त्रीय नाव लिहायला दीड ओळ लागे, म्हणून ऑफिसात त्याला परत्या म्हणत. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात जातो, चार-पाच वर्षे तिकडे काढतो आणि अंडी घालायला नेमका जन्मल्या जागी परत येतो. एके काळी नदी या माशांनी काळी दिसायची म्हणे. आता वरच्या बंधाऱ्यावर, मासे चढावेत म्हणून बांधलेल्या पायऱ्यांशी, मोजणीयंत्र बसवले होते, आणि अख्ख्या मोसमात त्याची मजल तीनशेपर्यंतही जात नव्हती.

अर्जात नऊ रकाने. किती मासे पकडणार, किती माशांच्या पाठीत खुणेची कुपी घालणार, वगैरे. ही कुपी तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यात एक क्रमांक असतो आणि मासा पायऱ्या चढला की यंत्र तो क्रमांक वाचते. सातवा रकाना होता 'अनवधानाने होणारे मृत्यू, जास्तीत जास्त'. हाताळताना एखादा मासा दगावतोच, त्याची मुभा आधीच घ्यायची. लिहिलेल्या आकड्याहून एक जरी जास्त मेला तरी काम जागच्या जागी बंद. त्यामुळे शहाणा संशोधक तिथे दोन-तीन लिहितो.

बाईंच्या आधी त्या टेबलाशी दप्तरकाका होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी किल्ल्या दिल्या, शिक्के दिले, आणि जाता जाता म्हणाले, "सातव्या रकान्यात शून्य येऊ देऊ नकोस. कोणी लिहिलंच तर गोड बोलून एक तरी करून घे."

"का हो काका?"

"विषाची परीक्षा घेऊ नये."

बाई नाकासमोर चालणाऱ्या. त्यांनी पुन्हा विचारले नाही. एकवीस वर्षांत त्यांच्या हातून शून्याचा एकही परवाना गेला नाही.

यंदा गेला. आणि तो त्यांच्याच लेकीचा होता.

लेक एकुलती एक. तिचे वडील ती चौथीत असताना आजारपणात गेले, आणि तेव्हापासून घरात दोनच ताटे. आईच्या टेबलाखाली बसून परत्याची चित्रे रंगवणारी ही पोर मोठी होऊन त्याच माशाची संशोधक झाली होती. माशाच्या पिलाला पोहायला शिकवावे लागत नाही, असे बाई कौतुकाने म्हणत. हा तिचा पहिला स्वतंत्र प्रकल्प, आणि अर्जाच्या सातव्या रकान्यात तिने ठसठशीत शून्य काढले होते.

"एक कर," बाई घरी म्हणाल्या.

"आई, गेल्या मोसमात दोनशे अकरा मासे आले. त्यातला एक मी मारू? मी जाळं वापरतच नाहीये, पिंजरा लावतेय. शून्य लिहिलं म्हणून तर प्रकल्प निवडणाऱ्या समितीने मला पहिल्या फेरीत घेतलं."

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांकडे गेल्या. साहेब नवे आणि हौशी. "बाई, लेकीच्या फाइलवर तुम्ही मत देणं बरं नाही. आकड्याचं मी बघतो, तुम्ही फक्त शिक्का मारा. शून्य फार छान दिसतंय."

बाईंनी शिक्का मारला. मग जेवणाच्या सुट्टीत त्या तळघरातल्या दप्तरखान्यात उतरल्या आणि काकांच्या काळातल्या फाइली काढून बसल्या.

शून्याच्या फाइली तीन निघाल्या. तिन्हींत अखेरचा अहवाल जोडलेला: मृत मासे, एकही नाही. आणि तिन्हींत पथकाच्या यादीतल्या एका नावावर लाल रेघ मारलेली. समासात काकांच्या सुबक अक्षरात 'वगळले', आणि तारीख. पहिल्या यादीत नावाडी, दुसरीत एक विद्यार्थिनी, तिसरीत पिंजरेवाला.

काकांची खोली नदीपासून लांब, टेकडीवर होती. दुपारची वेळ होती आणि ते खिडकीत ऊन घेत बसले होते. बाईंनी त्या तीन फाइलींचे विचारले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तू कधी परवाना आणि अहवाल शेजारी ठेवून बघितलेस?"

बाईंनी बघितले होते. तेच तर त्यांचे काम. दोन लिहिले तिथे दोन मेले होते, तीन तिथे तीन. एकवीस वर्षे, न चुकता. लोक किती काटेकोर काम करतात, असे त्यांना वाटत आले होते. आता ते आठवले आणि त्यांनी आपली खुर्ची काकांच्या जवळ ओढली.

"कमी नाही, जास्त नाही," काका म्हणाले. "जे लिहून देतो ते होतं. शून्य लिहिलं की मासे मरत नाहीत, पण कोणीतरी जातं. बुडून. मी तीनदा शून्य लिहून दिलं आणि तीनदा कोणाच्या तरी घरी जाऊन दारात उभा राहिलो. मग माझी लिहायची छाती झाली नाही."

"आणि शून्याच्या परवान्यावर एखादा मासा मेला तर?"

"ते मला ठाऊक नाही गं. तसं कधी झालंच नाही."

टेकडी उतरेपर्यंत बाईंनी ठरवले. प्रत्येक पथकाबरोबर ऑफिसचा एक निरीक्षक जातो. साहेबांना त्यांनी आपले नाव सुचवले. साहेब हसले. "आईपेक्षा कडक निरीक्षक मी कुठून आणू? जा." पथकाच्या यादीत लेकीच्या आणि नावाड्याच्या नावाखाली बाईंनी स्वतःच्या हाताने तिसरे नाव लिहिले.

बोट लहान होती. पिंजरा नदीच्या मधोमध, संथ पाण्यात. चौदा मासे पकडायचे, प्रत्येकाला कुपी घालायची, सोडून द्यायचे. मासा पिंजऱ्यातून काढून गुंगीच्या पाण्याच्या बादलीत ठेवत. तो निपचित झाला की लेक बादलीतच त्याच्या पाठीत सुई टोचून कुपी सारी, आणि तीन मिनिटांच्या आत तो ताज्या पाण्यात गेला पाहिजे. नाहीतर कल्ले थांबतात. स्टॉपवॉच निरीक्षकाच्या हातात. "वेळ झाली," असे बाई म्हणत आणि लेक मासा उचले.

पहिल्या दिवशी सात झाले. सातही शेपटी झटकून निघून गेले. बाई मनात म्हणत होत्या, एक तरी मर रे. असले मागणे मागताना त्यांना स्वतःची लाज वाटली, पण त्या मागत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंजऱ्यात वाकून पाहिले. परत्या नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, हे त्यांनी हजार अहवालांत वाचले होते. पिंजऱ्यातले सातही मासे प्रवाहाला आडवे उभे होते, आणि सगळ्यांची तोंडे बोटीच्या मागच्या टोकाकडे होती. तिथे लेक बसली होती. ती उठून पुढच्या टोकाला आली, तसे मासे हळूच वळले.

"बघितलंस का?" बाई नावाड्याला म्हणाल्या.

"कालपासून बघतोय," तो म्हणाला, आणि दुसरीकडे पाहू लागला.

आठ, नऊ, दहा. तेराही जिवंत गेले. चौदावा मोठा होता, हातभर. लेकीने त्याला कुपी घातली, क्रमांक वाचून दाखवला आणि पाठ करून सुई धुवायला बसली. बादलीत मासा उताणा होत गेला. त्याचा उघडा डोळा बाईंकडे होता. तीन मिनिटे झाली. बाई बोलल्या नाहीत. चार. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, आणि त्या तर ते सरकारी घड्याळ हातात धरून करत होत्या. सहा. कल्ले एकदा उघडले आणि मिटले. आठ.

"आई, वेळ?"

"राहिलं बघ," बाई म्हणाल्या.

लेकीने मासा ताज्या पाण्यात घेतला. दोन्ही हातांत धरून ती त्याला पुढे-मागे सरकवत राहिली, अर्धा तास, ओठ घट्ट मिटून. मासा लाकडासारखा झाला होता. शेवटी तिने वहीत वेळ लिहिली. मेलेला मासा जवळ ठेवू नये, त्याच जागी पाण्यात सोडावा, ही परवान्यातली अट बाईंनीच वर्षानुवर्षे टाइप केली होती. लेकीने मासा सोडला. तो फिरत फिरत खाली गेला आणि दिसेनासा झाला.

"तुझ्या टेबलावर एकवीस वर्षांत एक तारीख चुकली नाही," लेक म्हणाली. "आणि आज तुझं घड्याळ चुकलं. तू मुद्दाम केलंस."

बाईंनी नाही म्हटले नाही. काकांची गोष्ट सांगून पाहिली, तर लेक त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तशी पाहत राहिली. तिच्यावर आईने विश्वास ठेवला नव्हता, फाइलींवर ठेवला होता. तिला एवढेच कळले, आणि त्यात खोटे काही नव्हते. त्या संध्याकाळी ती कपडे घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली. पिंजरा तसाच पाण्यात राहिला, कारण परवाना स्थगित झाल्यावर त्याला हात लावायचीही मनाई असते. साहेब म्हणाले, समिती बहुधा प्रकल्प रद्दच करेल.

बाईंना फार दुःख झाले. घरात एकच ताट वाढताना हात अडखळे. पण त्यांना झोप लागत होती. लेक बोलत नाही, पण लेक आहे, असे त्या स्वतःला सांगत, आणि खरोखर तेवढ्यावर त्यांचे भागत होते.

नवव्या दिवशी सकाळी साडेदहाला बंधाऱ्याच्या पायऱ्यांवरच्या यंत्राचा रोजचा कागद टेबलावर आला. बाईंनी सवयीने बोट फिरवत क्रमांक तपासले. तिसऱ्या ओळीवर बोट थांबले. त्यांनी लेकीची फाइल काढली, क्रमांक शेजारी ठेवले, एकेक आकडा मोठ्याने वाचला. चौदावी कुपी. पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी पायऱ्या चढून वर गेली होती. कुपी आपली आपण पायऱ्या चढत नाही.

त्या उठेपर्यंत फोन वाजला. लेक होती. नऊ दिवसांनी तिचा आवाज ऐकून बाईंना आधी फक्त बरे वाटले.

"आई, कळलं का तुला? तो मेला नव्हता. गुंगी जास्त झाली होती, तळाशी जाऊन शुद्धीवर आला असणार. बंधाऱ्यावरून कळल्याबरोबर साहेबांनी सकाळी सातलाच स्वतः फोन केला मला. स्थगिती उठली." ती हसत होती, आणि मधेच रडतही होती. "मी तुला काय काय बोलले. चूक झाली माझी. संध्याकाळी घरी येते, मग बोलू. आता पिंजरा काढायला आलोय."

"कुठे आहेस?"

"बोटीवर. मधोमध. काय मासे जमलेत गं बोटीभोवती, एवढे मी कधी बघितले नाहीत."

"बाळा, किनाऱ्याला ये. आत्ता."

"काय? पाण्याचा आवाज फार आहे, ऐकू येत नाहीये. आई, सातव्या रकान्यात शून्यच राहिलं बघ."

नदी ऑफिसपासून गाडीने पाऊण तासावर होती. बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. फोन कानाशी तसाच होता, त्यातून पाण्याचा आवाज येत होता आणि मागे नावाडी काहीतरी ओरडून सांगत होता. समोर फाइल उघडी होती. जे लिहून देतो ते होतं, काका म्हणाले होते. बाईंनी पथकाची यादी काढली. तीन नावे. त्यांनी खणातून लाल पेन घेतले, पट्टी ठेवली, आणि तिसऱ्या नावावर, स्वतःच्या नावावर, सरळ रेघ ओढली. समासात 'वगळले' लिहिले. आजची तारीख घातली. खाली शिक्का मारला.

"आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. बोलताना जिभेवर गढूळ, गार पाण्याची चव आली, आणि ती वाढत गेली. "तू ये सावकाश."

मग फोन खाली ठेवून, शाईला हात लागू नये म्हणून दोन्ही हात मांडीवर घेऊन, त्या ती वाळायची वाट पाहत बसल्या.