गाडी मागायला गेलो तेव्हा

पेनीच्या गाडीचा ब्रेक दोनदा दाबावा लागतो, हे आमच्या गावात लहान मुलांनाही ठाऊक होतं. पहिल्यांदा दाबला की पाय नुसताच खाली जायचा, दुसऱ्यांदा दाबला की गाडी थांबायची. म्हाताऱ्या माणसाला एका हाकेत ऐकू येत नाही, तशी ती गाडीची सवयच आहे असं सगळे समजत. मीही तसंच समजत होतो, पण माझ्या समजण्याला काय किंमत? मला गाडी चालवता येत नाही.

पेनी माझ्या धाकट्या बहिणीचा, माकेरेताचा नवरा. त्याने ही पांढरी गाडी नांदी शहरात घेतली तेव्हा ती जपानमध्ये बरीच वर्षं चालून आली होती. मागच्या काचेवर कुणा जपानी पोराने चिकटवलेला बेडूक अजून आहे. गाडी पेनीच्या नावावर असली तरी होती गावाची. नात्यातल्या कुणी 'केरेकेरे' म्हणून काही मागितलं की आमच्यात नाही म्हणता येत नाही, आणि आमच्या गावात नात्याबाहेरचं कुणी नाही.

मी शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. त्यामुळे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातला बारीक मजकूरही वाचायची खोड आहे. तिथेच कळलं की पेनीच्या गाडीसारख्या, त्याच वर्षी बनलेल्या गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्या आहेत. ब्रेकच्या पंपातलं रबर झिजतं आणि मग एखाद्या दिवशी कितीही दाबा, गाडी थांबत नाही. तसं पत्र जपानमधल्या पहिल्या मालकाला गेलंही असेल. आमच्या डोंगरावर कोण पाठवणार? मी सांगितल्यावर पेनीने खाली बा गावातल्या कंपनीच्या एजंटला फोन करून गाडीचा नंबर सांगितला. गाडी त्यातलीच निघाली. नवा पंप फुकट मिळणार होता, मेकॅनिक वर येऊन बसवणारही होता, पण पंप अजून बोटीवर होता.

"तोवर गाडी उतारावर नेऊ नका," एजंटने बजावलं.

शुक्रवारी दुपारी माकेरेता माझ्याकडे आली. "दादा, सेरेआनावहिनीने उद्या गाडी मागितलीय. बा गावाला, चर्चच्या गाण्याच्या स्पर्धेला. आपली वासिती चालवणार."

वासिती तिची मुलगी.

"आणि पेनी काय म्हणाला?"

"हो म्हणाला."

"ब्रेकचं सांगितलं नाही?"

"काय सांगणार? गाडी बिघडलीय म्हणून?"

ज्याला वस्तू द्यायची नसते तो आमच्याकडे हेच सांगतो. खालच्या आळीतल्या वाटिसोनीने एकदा होडी फुटलीय म्हणून सांगितलं आणि त्याच संध्याकाळी नदीतून मासे धरून आणले. त्याला अजून सगळे 'फुटकी होडी' म्हणूनच हाक मारतात. पेनीला ते नाव सोसलं नसतं.

शनिवारी सकाळी मी त्याच्याकडे गेलो. तो सेरेआनावहिनीसाठी गाडी धूत होता.

"अरे वा, वाळवी कपाटाबाहेर आली!" तो ओरडला. मेव्हण्यांनी एकमेकांची टर उडवायची हा आमचा रिवाज. मला उलट उत्तर कधीच वेळेवर सुचत नाही.

"मागायला आलोय."

"काय, मीठ?"

"गाडी."

तो पोट धरून हसला. "तू? तुला सायकलवर बसवलं तर ती रडेल!"

"चालवणार नाही. आत बसून वाचीन." मी ओंजळ वाजवली, मागताना वाजवतात तशी. "केरेकेरे, पेनी. बोट येईपर्यंत."

त्याचं हसू थांबलं. त्याने नळ बंद केला, हात शर्टाला पुसले आणि दोन्ही हातांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"गाढवा," तो हळूच म्हणाला, "कालच का नाही आलास?"

एवढ्यात सेरेआनावहिनी आली. ती माझ्या चुलतभावाची विधवा, चर्चच्या गाण्याची म्होरकी. मागे पांढऱ्या कपड्यांतल्या पाच बायका, डालोच्या कंदांचं पातेलं आणि वासिती. पाच जणांच्या गाडीत सात जणी मावणार होत्या.

"गाडी आता इनोकेची आहे. त्याच्याकडे मागा," माझ्याकडे बोट दाखवून एवढं बोलून पेनी घरामागे पसार झाला.

वहिनीने ओंजळ वाजवली. "इनोकेभावजी, केरेकेरे. द्या किल्ली."

याचा मी विचारच केला नव्हता. नाही म्हणायला मला जमत नाही, कुणालाच जमत नाही. मी किल्ली पुढे केली.

"घ्या. पण वहिनी, माझंही एक मागणं आहे."

"जन्मात कुणाकडे काडी मागितली नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "मागा की."

"आज बसने जा."

"म्हणजे किल्ली द्यायची आणि गाडी नाही?" मागून कुणीतरी म्हणालं, "बिघडली असेल गं!" सगळ्या खिदळल्या.

"हो, बिघडलीय," मी म्हणालो. "ब्रेक... मला नीट सांगता येत नाही. पण दर रविवारी मी तुमच्या गाण्यासाठीच चर्चमध्ये येतो, पाद्रींना सांगू नका. पुढच्या रविवारीही मला तुम्ही सगळ्या तिथे हव्या आहात."

आता कुणी हसलं नाही. वहिनी वासितीकडे वळली. "काय गं, खरं आहे?"

"हल्ली तीनदा दाबावा लागतो, मामी."

"आणि तू तोंड शिवून बसलीस?"

"तुम्हीच म्हणाला असता, बाप चिक्कू तर मुलगीही चिक्कू."

वहिनीने किल्ली पोलक्यात खोचली. "बोट येईपर्यंत ही माझ्याकडे. पेनी, केळीमागे लपलायस ते दिसतंय मला! कुणी गाडी मागायला आलं तर सेरेआनाकडे पाठव. बघते कोण येतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मागायला शिकलात, भावजी. आता एखादी बायकोही मागून टाका. आणि उचला ते पातेलं. बसने पाठवताय तर हमालीही करा."

मी पातेलं मांडीवर घेऊन त्यांच्याबरोबर बा गावाला गेलो. आमच्या बस उघड्या असतात, रस्त्याची सगळी धूळ आत येते. स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. धुळीने आवाज बसले आणि ते माझ्यामुळे, असं सेरेआनावहिनी सांगते. भेटेल तिथे, भेटेल त्याला, खणखणीत आवाजात सांगते. मी मान खाली घालून ऐकून घेतो, आणि मला फार बरं वाटतं.