उष्टं पाणी

नावेत केळं नेऊ नये, हे टकर्स बेंडच्या धरणावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नावेत केळं आलं की मासा गेलाच समजायचं. म्हणून शनिवारी सकाळी रॉइस टिडवेलने बायकोच्या डब्याचं झाकण उघडून आधी खात्री करून घेतली. आत मिरची-चीजचं सारण भरलेली सँडविचं होती, उकडलेल्या शेंगा होत्या, बर्फ घातलेला गोड चहा होता. केळं नव्हतं. रॉइस जरा खट्टूच झाला. एखादं सापडलं असतं तर संध्याकाळी खापर फोडायला काहीतरी हाताशी राहिलं असतं.

कारण आज तो मागे बसणार होता.

बास मासे धरायच्या नावेत खुर्च्या दोन असतात, पण त्या सारख्या नसतात. पुढच्या खुर्चीत बसणाऱ्याच्या पायाखाली छोट्या मोटरचं पेडल असतं. नाव कुठे न्यायची, किती हळू न्यायची, कोणत्या बुडालेल्या झाडापाशी थांबायचं, हे सगळं त्याच्या अंगठ्यावर चालतं, आणि प्रत्येक बुंध्याशी, प्रत्येक धक्क्याखाली पहिला गळ त्याचाच पडतो. मागच्याला मिळतं ते त्याने ढवळून ठेवलेलं पाणी. नेल्डा टिडवेल एकतीस वर्षं मागे बसत आली होती. लग्नाआधी दोघांची ओळख झाली तीही याच धरणावर, एका बुंध्यात दोघांचे गळ एकदमच अडकले म्हणून. त्यानंतर एक शनिवार असा गेला नाही की दोघं पाण्यावर नव्हती. पोरं व्हायची होती ती झाली नाहीत, नावा मात्र चार झाल्या.

गेल्या महिन्यात रॉइसने पुढे बसून पाच माशांचे मिळून चौदा पौंड आणले. आणले ते आणले, पण महिनाभर त्याचंच कीर्तन लावलं. चर्चच्या पायरीवर तेच, गिरणीत तेच, हॉयटच्या गळ-आमिषांच्या दुकानात तर चित्रं काढून. शेवटी एका दुपारी भांडी विसळता विसळता नेल्डा म्हणाली, "एकतीस वर्षं मी तुझं उष्टं पाणी गाळतेय, रॉइस. त्यातूनही निम्मे मासे माझे असतात. एकदा ताजं पाणी मला दे, मग बघ."

पैज लागली. जोडप्यांच्या स्पर्धेत नेल्डा पुढे बसणार. चौदा पौंडांच्या वर वजन गेलं तर पुढची खुर्ची कायमची तिची. नाही गेलं तर तिने जन्मभर मागे बसायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. रॉइसने ही पैज लगेच हॉयटच्या दुकानात जाहीर करून टाकली. हरू, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

जोडप्यांच्या स्पर्धेबद्दल आमच्याकडे म्हणतात की त्या दिवशी घटस्फोट होत नाहीत, ते केवळ वकील किनाऱ्यावर असतात म्हणून. नेल्डाने मात्र भांडायला सवडच दिली नाही. डॉगवूडची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती, पाणी कोमट होऊ लागलं होतं, मासे काठाकडे सरकले होते. ती पेडलवर पाय ठेवून उभी राहिली आणि नाव अशी काही नेली की जणू तळाशी काय पडलंय ते तिला वरून दिसत होतं. रॉइस ज्या बुंध्यांपाशी धडाधड तीन गळ टाकून पुढे निघायचा तिथे ती थांबत होती, दम धरत होती. दुपारपर्यंत पाच मासे झाले. चार तिचे, एक त्याचा.

मागे बसणं म्हणजे नुसतं बसणं, अशी रॉइसची आजवर समजूत होती. आता त्याला कळलं की मासा जाळीत घ्यायचा तो मागच्याने, काट्यावर तोलायचा तो मागच्याने, ओठाला चिमटा लावून पाण्याच्या टाकीत सोडायचा तोही मागच्यानेच. पाच माशांना पाच रंगांचे चिमटे. लाल सव्वातीन पौंडांचा, सगळ्यात मोठा. हिरवा अडीचचा, सगळ्यात लहान. कुठला चिमटा किती वजनाला लागला, ते नेल्डा पुढून ओझरतं बघून लक्षात ठेवत होती. टाकीत सहावा मासा सापडला तर जोडी बाद. म्हणून नवा मासा आला की सगळ्यात हलका सोडून द्यायचा, हा नियम. पाचांचं मिळून सव्वाचौदा भरलं होतं. म्हणजे खुर्ची जवळजवळ गेलीच होती, आणि तरी रॉइसला तिच्या पाठीकडे बघताना अभिमान वाटत होता. तो त्याने अर्थातच बोलून दाखवला नाही.

एकच्या सुमाराला नेल्डाने सहावा ओढला. पावणेतीनचा भरला. तिने पुढूनच, पाण्यावरची नजर न काढता सांगितलं, "हिरवा सोड."

रॉइस टाकीवर वाकला आणि तिथेच थिजला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी रॉइसने कधीच कुणाला सांगितली नव्हती. लाल आणि हिरवा हे रंग त्याला वेगळे दिसत नसत. दोन्ही एकाच मळकट रंगाचे. एकविसाव्या वर्षी वीज कंपनीत खांबावर चढायची नोकरी त्याच्या हातात आल्यात जमा होती. तिथल्या डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरून आकडा विचारला, आणि रॉइसला नुसते ठिपके दिसले. घरी येऊन त्याने सांगितलं की तिथला साहेब उर्मट होता, मीच नको म्हटलं. वर्षभराने लग्न झालं, बायकोलाही तेच सांगितलं. मग जन्मभर लाकडाच्या गिरणीत काम केलं. टोमॅटो तो दाबून बघून तोडायचा. सिग्नलला दिवा वरचा की खालचा ते बघायचा. रबरी आमिषाचा रंग निवडायची वेळ आली की म्हणायचा, "तू काढ गं, माझे हात ओले आहेत." एकतीस वर्षं रॉइसचे हात ओलेच होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ उघडायला तो मेला तरी तयार नव्हता.

टाकीतल्या माशांमध्ये फरक कळावा तर तेही नाही. सगळे एका आईची लेकरं, एका लांबीचे, एकसारखे वळवळणारे. दोन चिमटे त्याला अगदी सारखे दिसत होते. काटा काढून पुन्हा तोलावं तर नेल्डा विचारणार, चिमटा डोळ्यांपुढे असताना तोलतोस काय? हिरवा डावीकडे होता असं त्याला अंधुक आठवलं. त्याने डावीकडचा उचलला, चिमटा काढला आणि मासा पाण्यात सोडला. तो शेपटीचा फटका मारून खाली गेला. मोकळा झालेला चिमटा नव्याच्या ओठाला लागला.

मग त्याच्या मनात पाल चुकचुकली. नेल्डा पुढे गाठ बांधत होती तेवढ्यात त्याने दुसरा मासा गुपचूप काट्यावर धरला. अडीच. म्हणजे सव्वातीनचा गेला होता. बाकीची बेरीज त्याला बोटांवर करावी लागली नाही: पावणेचौदा. पाव पौंड कमी.

आता गंमत बघा. गप्प बसला असता तर सगळं त्याच्या पथ्यावरच होतं. काटा जुना आहे, झुकतो, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. खुर्ची राहिली असती, मूठही झाकलेली राहिली असती. पण ते त्याच्याने होईना. त्याने ठरवलं की आपणच एक मोठा मासा धरायचा आणि भरपाई करायची. पुढचे तीन तास तो असा गळ टाकत होता की खांदा सुजला. पण पुढे नेल्डाही आज कधी नव्हे इतकी इरेला पेटली होती. एक झुडूप सोडत नव्हती, एक बुंधा सोडत नव्हती. त्याच्या वाट्याला सगळं तिने ढवळून झालेलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला उष्ट्या पाण्याची चव कळली, आणि ती चांगली नव्हती. दोघांपैकी कुणालाच पुन्हा मासा लागला नाही.

चार वाजता किनाऱ्यावर वजनं सुरू झाली. मायक्रोफोन हॉयटकडे होता, कारण तो दुसऱ्या कुणाला देतच नाही. टिडवेलांची थैली काट्यावर चढली. लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"पावणेचौदा," हॉयट म्हणाला. "अरेरे, नेल्डाबाई. पाव पौंडाने परत मागच्या बाकावर?"

लोक हसले. नेल्डाचा चेहरा क्षणभर उतरला, मग तिने हनुवटी वर केली. "पैज ती पैज," ती म्हणाली. "रॉइस पुढे बसेल." काट्याला नाव ठेवलं नाही, वाऱ्याला नाही, कुणालाच नाही.

हॉयटने मायक्रोफोन रॉइसपुढे धरला. आता हा गडी पिसारा फुलवणार, म्हणून सगळे आधीच दात काढून तयार होते. रॉइसने टोपी काढली, पुन्हा घातली.

"गडबड माझी आहे," तो म्हणाला. "सव्वातीनचा मासा मी सोडला. चिमटा लाल की हिरवा ते मला कळलं नाही. मला कळतच नाही, कधीच कळलेलं नाही." मग तो मायक्रोफोनपासून वळला, पण मायक्रोफोनला सगळं ऐकू गेलंच. "वीज कंपनीला मी नको म्हटलं नव्हतं, नेल. त्यांनी मला नको म्हटलं."

हॉयटच्या तोंडून बराच वेळ शब्द फुटला नाही, हे आमच्या गावात पहिल्यांदाच घडलं.

"तरीच," तो शेवटी म्हणाला. "तरीच माझ्या दुकानात आलास की तुझे हात नेहमी ओले."

मग असा हशा झाला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. रॉइसही हसला. हसणं भाग होतं, आणि हसल्यावर त्याला मोकळंही वाटलं. एकतीस वर्षांचं ओझं हॉयटच्या एका वाक्यात खाली आलं, याचं त्याला जरा वाईटच वाटलं.

नाव ट्रकला जोडताना दोघंच होती. नेल्डा पट्टा आवळत होती.

"तुझ्या आईने मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "लग्नाच्या आधी."

रॉइस हातातली साखळी घेऊन तसाच उभा राहिला. "सगळं?"

"पुस्तक, ठिपके, सगळं. चिमट्यांचं काम इतकी वर्षं मी तुझ्या हातात कधी दिलं का? आज पुढे बसायच्या आनंदात विसरले, ती माझी चूक. 'हिरवा सोड' म्हणाले आणि लगेच जीभ चावली. वळून बघितलं तोवर लाल चिमटा तुझ्या हातात होता आणि मासा पाण्यात."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुला कळू न देता परत मिळवता येतोय का ते बघत होते. तीन तास हात मोडेपर्यंत गळ टाकले."

"मी पण," रॉइस म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. ही बाई खुर्ची सोडून द्यायला निघाली होती, का तर त्याची मूठ झाकलेली राहावी म्हणून. रॉइसला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त, आपण फार नशीबवान आहोत असं वाटलं. तसं त्याने तिला सांगितलंही, अडखळत, साखळीकडे बघत.

"खुर्ची तुझी," तो म्हणाला.

"आहेच. मायक्रोफोनवर कबूल केलंयस, सगळा तालुका साक्षीला आहे."

पुढच्या शनिवारी पाचही चिमट्यांवर चाकूने खाचा पाडलेल्या होत्या. लालवर एक, मग दोन, असं करत हिरव्यावर पाच. रॉइस बोटाने चाचपून सोडायचा मासा बिनचूक सोडत होता, हात ओले असले तरी. नेल्डा पुढे उभी राहून एकेक बुंधा सावकाश पिंजून काढत होती. तासाभराने त्याला राहवलं नाही.

"सगळं पाणी ढवळून ठेवलंस," तो कुरकुरला. "मला काय उरलं?"

"उष्टं," ती मागे न बघता म्हणाली. "सवय होईल. पहिली दहा वर्षंच काय ती जड जातात."