रोसारिओचा टोप

चारकोपहून लिमाला निघताना नलिनीने बॅगेत मालवणी मसाला, आमसुलं आणि दोन किलो उकडा तांदूळ भरला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, नंदूने, तिची यथेच्छ टर उडवली. "पेरू देशात लोक उपाशी असतात काय गं?" नलिनीने काणाडोळा केला. मुलगा सर्वेश दोन वर्षं परदेशात एकटा राहतोय, त्याच्या स्वयंपाकघरात काय असणार हे तिला न बघताच ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सर्वेशच्या ओट्याखाली तिला ॲल्युमिनियमचा एक टोप सापडला, कानाला लाल दोरा बांधलेला. "कोणाचा रे हा?"

सर्वेश चाचरला आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं. गेल्या वर्षी त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. बाबांच्या बीपीच्या भीतीने घरी कळवलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या खानावळीची मालकीण, रोसारिओ, तीन आठवडे रोज याच टोपातून त्याला जेवण पाठवायची; शेवटच्या दिवशी टोप तेवढा इथेच राहिला.

पोर टाके घेऊन पडलं होतं आणि पेज द्यायलाही आपण नव्हतो. पण हे बोलायला गेली असती तर रडूच फुटलं असतं, म्हणून नलिनी टोपावर घसरली. रागावली की ती थेट मालवणीवर यायची.

"नि टोप वर्षभर हंयच? मेल्या, तुका लाज नाय?"

"तूच सांगितलंस ना, कोणाचं भांडं रिकामं परत देऊ नये. मला ऑम्लेटपलीकडे काय येतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नलिनी बाजारातून मासे घेऊन आली आणि आमसुलं घालून तिने झणझणीत तिखलं केलं. सर्वेशने फोन करून रोसारिओला आई येत असल्याचं कळवलं.

खानावळीत जेमतेम सहा टेबलं होती आणि मायलेकांसाठी राखलेलं एक सोडून सगळी भरलेली. रोसारिओ साठीची, धिप्पाड, ॲप्रनला हात पुसत पुढे आली. नलिनीने दोन्ही हातांनी टोप पुढे केला. विमानात पाठ केलेला 'ग्रासियास' हा आभाराचा एकुलता एक शब्द ऐन वेळी आठवलाच नाही. रोसारिओने झाकण उचलून वास घेतला आणि टोप तसाच आत नेला. नलिनी हिरमुसली. आवडलं नसावं.

मग टेबलावर सेविचे आलं. कांदा, मिरची, बाजूला उकडलेलं रताळं आणि मध्ये पांढरेशुभ्र माशाचे तुकडे.

"कच्चा?"

"लिंबाच्या रसात मुरतो गं. सकाळचा मासा, म्हणून फक्त दुपारी मिळतं. तीननंतर ही बाई कुणालाच देत नाही."

"म्हणजे बाईला मासा कळतो," नलिनी म्हणाली, आणि तिने घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ताटली संपवली, वर तळाचा आंबट रसही सोलकढीसारखा पिऊन टाकला.

तेवढ्यात रोसारिओ परत आली. तोच टोप, घासलेला, आणि पुन्हा भरलेला. नलिनीने झाकण काढलं. आत मऊ शिजलेल्या तांदळाची पातळ पेज होती.

"तेव्हा माझ्या पोटात काही ठरत नव्हतं," सर्वेश हळूच म्हणाला. "तिने विचारलं, आजारपणात तुझी आई काय देते. मी सांगितलं तशी तिने केली. रोज हीच पाठवायची."

नलिनीने चमचाभर तोंडात घातली. मीठ बरोबर होतं. आल्याचा तुकडा मात्र या बाईच्या पदरचा. आता तिला रडू आवरलं नाही, आणि तिने ते आवरलंही नाही. रोसारिओ काळजीने वाकून सर्वेशला काहीतरी विचारू लागली.

"विचारतेय, चुकलं का काही?"

नलिनीने तिचा हात धरला. "तिला सांग, आमच्याकडे पेजेत आलं घालत नाहीत," ती म्हणाली. "यापुढे मी घालणार."